तंजावरच्या भिंतीवरील मराठी

महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा साक्षर माणूस बहुधा दोन गोष्टी पाहायच्या म्हणून जातो. एक, राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे देऊळ. दुसरी, 'आपल्या' भोसल्यांचा वाडा. पहिली गोष्ट भारतीय म्हणून पाहायची आणि दुसरी मराठी म्हणून, अशी वाटणी निघण्यापूर्वीच मनात होऊन गेलेली असते. परत आल्यावर सांगायची दोन वाक्येही ठरलेली असतात. देवळाविषयी, 'केवढे भव्य!' आणि वाड्याविषयी, 'एवढ्या लांब आपले राज्य होते!' ह्या दुसऱ्या वाक्यातील 'आपले' ह्या शब्दाविषयी मला काही लिहायचे आहे. तंजावरला मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा दिवाळीच्या सुटीत सहकारी प्राध्यापकांबरोबर, नंतर दोनदा एकटा. दर खेपेस हा शब्द उच्चारणे मला आधीपेक्षा अवघड वाटले आहे.

ऐतिहासिक स्थळ पाहताना आपण ते पाहतो की आधी पाठ केलेला मजकूर त्याच्यासमोर म्हणून दाखवतो, हा प्रश्न नवा नाही. रायगडावर किंवा पन्हाळ्यावर तो फारसा जाणवत नाही. तेथे पाठ केलेला मजकूर आणि समोरचे दगड एकमेकांना ओळखत असतात. घोषणा दिली की दरी ती परत देते. तंजावरात मात्र मजकूर आणि दगड ह्यांची भाषाच वेगळी आहे. तेथे शिवाजी म्हटले की आधी विचारावे लागते, कोणता? कारण तेथील शेवटच्या राजाचे नावही शिवाजीच. तो १८५५ साली पुरुषवारस न ठेवता वारला आणि संस्थान कंपनीने खालसा केले.

शहराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढील मजकुराला त्याची गरज आहे. चोळांनंतर पांड्य, विजयनगर आणि मग नायक अशी सत्तांतरे झाली. मदुरेच्या नायकाने १६७३ साली तंजावरच्या विजयराघव नायकाचा पाडाव केला. ते राज्य नायक घराण्याच्या वारसाला परत मिळवून द्यावे म्हणून विजापूर दरबाराने ज्या सरदाराला पाठवले तो शहाजीराजांचा मुलगा, शिवाजीमहाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी. त्याने १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि स्वतःकडेच ठेवले. पुढे १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेत दोघे भाऊ कोळ्ळिडम नदीच्या काठी भेटले, वडिलार्जित वाट्यावरून बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रात्रीतून नदी उतरून निघून गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांतला व्यंकोजी येथेच संपतो. तंजावरात तो येथून सुरू होतो. त्याच्या वंशाने तेथे सुमारे एकशे ऐंशी वर्षे राज्य केले, आणि ह्या काळाचा आपल्या वाङ्मयेतिहासातला उल्लेख मात्र एखाद्या पानाचा, तोही 'महाराष्ट्राबाहेरील मराठी' अशा मथळ्याखाली.

आता देवळाकडे. बृहदीश्वराचे देऊळ १०१० साली पुरे झाले. त्याच्या शिखराची उंची दोनशे फुटांच्या वर आहे आणि सगळ्यांच्या माना तिकडेच वळलेल्या असतात. माझ्या मते मात्र ह्या देवळात खाली पाहावे. शिखराच्या जोत्यावर, भिंतीच्या पायथ्याशी, ओळींमागून ओळी तमिळ अक्षरे कोरलेली आहेत. आपण काय दिले, आपल्या थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले आणि इतरांनी काय दिले ते सर्व दगडावर कोरावे, अशी राजराजाची आज्ञा त्यांच्या आरंभी आहे. राजा स्वतःचा उल्लेख करतो आणि लगेच बहिणीचा करतो, हे मला फार लक्षणीय वाटते. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे येते. चोळमंडळातील वेगवेगळ्या गावांच्या देवळांतून चारशे नर्तकी तंजावरात आणून वसवल्या होत्या. त्यांतील प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, तंजावरात कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीत कितव्या घरी राहते, आणि तिला वर्षाला शंभर कलम धान्य मिळायचे आहे, हे सर्व तेथे लिहिले आहे. त्यांच्यानंतर नृत्यगुरू, वादक, गायक, हिशेबनीस, छत्री धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सोनार. एक हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या घराचा क्रमांक आपल्याला सांगता येतो. आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

हा मजकूर मी तमिळ वाचून जाणला असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्श ह्या जर्मन पंडिताने हे लेख वाचून 'दक्षिण भारतीय शिलालेखां'च्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. तिथपर्यंत हे देऊळ राजराजाने बांधले हेच लोक विसरून गेले होते. कोणी करिकाल चोळाचे नाव घेई, कोणी आणखी कोणाचे. नाव भिंतीवर होते, भिंत रोज डोळ्यांसमोर होती, पण अक्षरांचे जुने वळण वाचणारा कोणी उरला नव्हता.

ह्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर, दुसरा एक लेख आहे आणि तो मराठी माणसाला वाचता येतो. लिपी देवनागरी, भाषा मराठी. सरफोजी दुसरा ह्याच्या आज्ञेवरून १८०३ साली बाबुराय ह्या त्याच्या पदरच्या कारभाऱ्याने भोसले वंशाचे चरित्र लिहिले आणि ते येथे कोरले गेले. जगातील सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना करण्याची चाल आहे. अशा विक्रमांत मला रस नाही. लेख लांब आहे एवढे खरे. भिंतीच्या कडेकडेने वाचत सरकावे लागते. इतिहासकार त्याच्यावर सर्वस्वी विसंबत नाहीत, कारण तो कुळाने स्वतःविषयी लिहवून घेतलेला मजकूर आहे, आणि अशा मजकुराचे गुणदोष बखर शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत.

पहिल्या भेटीत आम्ही पाच-सहाजण ह्या भिंतीपाशी उभे राहून मोठ्याने वाचू लागलो. आसपासचे भाविक थांबून पाहू लागले. एका वृद्ध गृहस्थांनी इंग्रजीत विचारले, ही कोणती भाषा? आमच्यातल्या एकाने अभिमानाने उत्तर दिले. त्यांनी मान डोलावली आणि पुढे विचारले, 'काय लिहिले आहे?' ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या अभिमानाची अडचण झाली. एका राजघराण्याची वंशावळ आणि पराक्रम लिहिले आहेत, एवढेच सांगता आले. त्यांच्या पूर्वजांविषयी, ह्या गावाविषयी, ह्या देवाविषयी त्यांना सांगावे असे आम्हाला चटकन काही सापडेना.

ह्या लेखाचे साल लक्षात घ्यावे लागते. सरफोजी १७७७ साली जन्मलेला. तुळजाजीने त्याला दत्तक घेतले. तुळजाजी १७८७ साली वारल्यावर गादी अमरसिंहाने घेतली. मुलगा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला, काही काळ मद्रासला शिकला, आणि १७९८ साली कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर बसला. दुसऱ्याच वर्षी, १७९९ साली, त्याने तह करून राज्याचा सारा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्याच्याकडे किल्ला, आसपासचा थोडा टापू, सालीना एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. आणि त्यानंतर चार वर्षांनी भिंतीवर वंशचरित्र. राज्य हाती असलेल्या राजराजाने धान्याचे माप आणि घरांचे क्रमांक कोरवले. राज्य गेलेल्या सरफोजीने पूर्वज कोरवले.

हे वाक्य लिहून थांबलो तर ते चटकदार होईल, पण सरफोजीवर अन्याय होईल. शिवाय, मी जी भाषा शिकवून पोट भरतो तिच्याविषयीचे आपले अलीकडचे बोलणे ऐकताना मला ती भिंत आठवते हेही सांगितले पाहिजे. मराठी किती प्राचीन, तिच्यात कोण कोण होऊन गेले, ह्याची मोजदाद आपण किती आवेशाने करतो. आणि आज ह्या भाषेत कोणाला काय मिळते, तिच्या कोणत्या रस्त्यावर कितव्या घरी कोण राहते, हे विचारले की आपल्यापाशी त्या वृद्ध गृहस्थांना द्यायला होते तेवढेच उत्तर असते. हे मला माझ्या शहरात बसून सुचले नसते. आपल्या शहरात आपण आपल्या भाषेच्या आत असतो. तिच्याबाहेर उभे राहून तिची अक्षरे पाहण्याची वेळच येत नाही. तंजावरच्या त्या भिंतीवर देवनागरी अक्षर परके दिसते, आणि परके दिसल्यामुळेच ते नीट दिसते.

आता सरफोजीकडे वळतो. वाड्यातील नायकांच्या दरबारसभेत त्याचा संगमरवरी पुतळा आहे, आणि तो हात जोडून उभा आहे. राजाचा पुतळा म्हटला की तलवार, घोडा, उगारलेला हात अशी आपली अपेक्षा असते. येथे नमस्कार आहे. शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराने कोरलेले एक उत्थित शिल्प आहे. मरणासन्न गुरू अंथरुणावर, आणि तरुण सरफोजी त्याच्या जवळ. हिंदू राजाने ख्रिस्ती मिशनऱ्यासाठी करवून घेतलेले हे स्मारक, आणि गुरूच्या थडग्यावरचा इंग्रजी पद्यलेखही त्याचाच. धर्मांतर त्याने केले नाही. देवळात वंशचरित्र आणि चर्चमध्ये गुरूचे स्मारक, दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत. मला व्यक्तिशः दुसरे अधिक हृद्य वाटते. वंशचरित्रात तो कुळाचा आहे. येथे तो एका म्हाताऱ्याचा विद्यार्थी आहे.

ह्या माणसाने काय काय केले ह्याची नोंद थक्क करते. १८०६च्या सुमारास त्याच्या छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरी टाइपात छापले गेले. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि मराठी मुद्रित पुस्तक ही कल्पनाही तेथे पोचली नव्हती. सिरामपूरला कॅरेचे मराठी व्याकरण तेवढे वर्षभर आधी, १८०५ साली, निघाले होते. वाड्यातील धन्वंतरी महालात रोग्यांवर उपचार होत, आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही आहेत. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्याच्या नावावर आहे आणि माझ्या दृष्टीने ते त्याच्या मनाचे सर्वांत चांगले चित्र आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेकडे डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, येते. प्रथम आपला डोंगर, आपला देश वर्णन करते आणि मग हात पाहते. सरफोजीच्या नाटकातली कुरत्ती आपला डोंगर सांगण्याच्या जागी साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते: खंडे, देश, समुद्र. युरोपातून आलेले ज्ञान, तमिळ साचा, मराठी भाषा. राज्य किल्ल्याएवढे उरलेल्या राजाने डोंगरातल्या बाईच्या तोंडून जग मोजले आहे.

पुढे १८२० ते १८२२ ह्या काळात तो काशीयात्रेला गेला. बरोबर मोठा लवाजमा होता आणि वाट कंपनीच्या मुलखातली, म्हणजे परवानगीची. ह्या यात्रेवर मराठी लावण्या रचल्या गेल्या. 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' ह्या नावाने त्या सरस्वती महालातून प्रसिद्धही झाल्या आहेत. काशीहून त्याने हस्तलिखिते आणली आणि घाटांची चित्रे आणली. पुण्य घेऊन परतणे हे सगळ्याच यात्रेकरूंचे. शहराचे चित्र घेऊन परतणे वेगळे. शहर 'पाहण्याजोगे' असते, त्याची प्रतिमा आपल्या घरी ठेवावी, ही जाणीव त्यात आहे.

येथे एक आडवळण घेतो. मराठीतले सर्वांत वाचनीय प्रवासकथन ज्याचे, तो वरसईचा विष्णुभट गोडसे काही पाहायला निघाला नव्हता. तो १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याच्या दृष्टीने झाशी ऐतिहासिक शहर नव्हतेच; ते त्याच्या डोळ्यांदेखत ऐतिहासिक होत होते, आणि तो जीव वाचवण्याच्या खटपटीत होता. घरी परतताना त्याने आणले काय, तर काशीहून खांद्यावरच्या कावडीतून आईवडिलांच्या स्नानासाठी गंगाजल. हकीकत लिहिली नंतर कित्येक वर्षांनी, आणि ती चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापली. आपण पर्यटक गोडसेभटजींहून सरफोजीच्या अधिक जवळचे आहोत. आपण चित्रे आणतो. गोडसेभटजींच्या खांद्यावर वजन होते.

सरस्वती महाल ग्रंथालय वाड्यातच आहे. नायकांच्या काळापासूनचा संग्रह, सरफोजीने वाढवलेला, १९१८ साली सार्वजनिक झाला. संस्कृत हस्तलिखिते सर्वांत जास्त. त्यांची सूची बर्नेल ह्याने एकोणिसाव्या शतकातच केली. मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास. मराठीचा माणूस येथे येतो तो बहुधा एका वादाच्या ओढीने. मराठीतले पहिले नाटक कोणते? विष्णुदास भाव्यांचे सांगलीचे १८४३चे 'सीतास्वयंवर', की तंजावरच्या शहाजीराजाचे सतराव्या शतकाच्या अखेरचे 'लक्ष्मीनारायण कल्याण'? परीक्षेत हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरात दोन्ही तारखा लिहून 'तथापि' असा शब्द घातला की गुण मिळतात. मला ह्या वादाचा कंटाळा आला आहे. पहिलेपणाचा हक्क सांगितला की तंजावरचे आपले काम संपते. ती नाटके कोणासमोर झाली, तमिळ प्रेक्षक मराठी संवाद कसे ऐकत, तेलुगू यक्षगानाशी त्यांचे नाते काय, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

त्याच शहाजीचे 'पंचभाषाविलास' घ्या. ह्या नाटकात चार देशांच्या चार राजकन्या श्रीकृष्णाच्या प्रेमात पडतात. द्रविड देशाची तमिळ बोलते, आंध्रची तेलुगू, महाराष्ट्राची मराठी, उत्तरेची हिंदी. आणि कृष्ण संस्कृत. कोणी कोणाची भाषा शिकत नाही, कोणी भाषांतर मागत नाही. मराठी राजाने लिहिलेल्या नाटकात मराठी ही चारांतली एक. पट्टराणीचा मान तिला नाही आणि उपेक्षाही नाही. हे मी उदारतेचे उदाहरण म्हणून सांगत नाही. त्या गावात राहायचे तर भाषा अशीच वापरावी लागे, राजालाही. भाषा अशीही असू शकते, घरातल्या अनेकींपैकी एक, हे आपल्या वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत बसत नाही. म्हणून आपण त्यातली मराठी वाक्ये वेचतो आणि उरलेले नाटक तेथेच सोडून येतो.

ह्या ग्रंथालयातली ज्याच्यापुढे मी सर्वांत जास्त वेळ घालवला ती गोष्ट मात्र नाटक नव्हे. ती म्हणजे मोडी कागदांची गाठोडी. भोसले दरबाराचा व्यवहार मोडीत चाले. कोणाला किती पगार, कोणत्या नर्तकीला काय दिले, कोणत्या गवयाला, कोणत्या वैद्याला, अन्नछत्रांचा खर्च. तंजावरकर राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे १८०२चे छत्र मुक्तांबाळ हिच्या नावाने आहे. ती सरफोजीची लग्नाची राणी नव्हे. पण छत्र तिच्या नावाने उभे आहे. हे सारे कागद पाहताना माझ्या ध्यानात आले की राजराजाच्या शिलालेखाच्या शेजारी ठेवायचा मराठी मजकूर नैर्ऋत्येच्या भिंतीवर नाहीच. तो येथे आहे. चारशे नर्तकींच्या यादीला मराठीने दिलेले उत्तर ह्या गाठोड्यांत, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात, दौतीच्या शाईत पडले आहे. कोणी कोरवून घेतलेले नव्हे, कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेले नव्हे. मराठी येथे राज्य करत नव्हती. हिशेब ठेवत होती. कोण जेवले, कोण नाचले, कोणाचा डोळा बरा झाला ते लिहून ठेवत होती.

आणि हे कागद वाचले कोणी? तंजावरचे तमिळ विद्यापीठ १९८१ साली स्थापन झाले. तेथील अभ्यासकांनी ह्या मोडी कागदांतून निवड करून, त्यांचा तमिळ अनुवाद टिपांसह तीन खंडांत १९८९ साली प्रसिद्ध केला. तंजावरच्या समाजाचा, नृत्याचा, संगीताचा, वैद्यकाचा इतिहास लिहिणारे आज ह्या खंडांकडे जातात. म्हणजे मराठीत लिहिलेल्या ह्या मजकुराला वाचक मिळाला तो तमिळमध्ये. आपल्याकडे मराठी एम.ए. होताना मोडी हा फार तर ऐच्छिक विषय असतो. शंभर वर्षांपूर्वीचा आपल्याच आजोबांचा खरेदीखताचा कागद आपण मोडी जाणणाऱ्याकडे नेऊन वाचवून घेतो. हुल्ट्शपूर्वी तमिळांची राजराजाच्या लेखांबाबत जी स्थिती होती, तीच आपली ह्या कागदांबाबत आहे. फरक एवढाच की त्यांना पुसून गेलेले आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे वळण वाचता येत नव्हते, आणि आपण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू असलेली लिपी सोडून दिली.

त्या दिवशी ग्रंथालयातून बाहेर पडल्यावर 'एवढ्या लांब आपले राज्य होते' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. राज्य ह्या शब्दाची अडचण नव्हती. ते होते, १८५५ पर्यंत. अडचण 'आपले' ह्याची होती. जे आपण वाचले नाही, सांभाळले नाही, ज्याची भाषा शिकलो नाही, ते केवळ आडनाव ओळखीचे आहे म्हणून आपले? उलट, ज्यांनी ते कागद उलगडले, त्यांच्यापैकी कोणाचे आडनाव भोसले असेल असे वाटत नाही. त्यांना तो त्यांच्या गावाचा इतिहास वाटला आणि त्यासाठी त्यांनी आपली लिपी शिकून घेतली.

तंजावरात मराठी आणखी एका रूपात भेटते, आणि ते रूप मला शेवटच्या खेपेस अनपेक्षितपणे भेटले. कुंभकोणम, तंजावर, मद्रास ह्या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतून घरची मराठी अजून ऐकू येते. तमिळच्या चालीवर बोललेली, आपल्या कानाला क्षणभर अनोळखी. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर टी. माधवराव ह्याच मंडळींपैकी, जन्म १८२८ साली कुंभकोणमचा. पण घराण्यांबाहेरही मराठी गेली आहे. रामचंद्रबुवा मोरगावकर हे महाराष्ट्रातले कीर्तनकार १८६४च्या सुमारास तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनाने तेथील रसिक भारावले. ते ऐकून, त्याचा अभ्यास करून, तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. मूळ साचा मराठी कीर्तनाचा: पूर्वरंग, आख्यान, मधूनमधून पदे. आणि त्या पदांबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तेही तमिळमध्ये गेली. नुसता शब्द गेला नाही, चाल गेली. तमिळ कवींनी तमिळ शब्दांची साकी रचली, तमिळ दिंडी रचली. तमिळ भजनी मंडळींत नामदेव-तुकारामांचे अभंग तर आजही गायले जातात, मराठी शब्दांतच, थोड्या तमिळ उच्चारांनी.

एका संध्याकाळी मी अशी हरिकथा ऐकली. बाई सांगत होत्या रुक्मिणीस्वयंवर, तमिळमध्ये. मला अर्थ अधूनमधून लागत होता, तोही संस्कृत शब्दांच्या आधाराने. मध्येच त्यांनी एक पद घेतले आणि माझे बोट मांडीवर मात्रा मोजू लागले. दिंडी होती. नऊ आणि दहा मात्रांची ती ठेच मी दरवर्षी वृत्तांच्या तासाला फळ्यावर लघुगुरूंच्या खुणा करून समजावतो, आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करून सोडून देतात. येथे ती गात होती. शेजारच्या आजीबाई तोंडातल्या तोंडात साथ देत होत्या. त्यांना मी कथा संपल्यावर मोडक्या इंग्रजीत सांगितले की हे वृत्त आमच्याकडचे आहे. त्यांनी ते नीट ऐकून घेतले आणि त्यांच्या सुनेकरवी विचारले, 'तुमच्याकडे अजून गातात का?'

यंदा मराठी नाटकाच्या इतिहासाचा तास मी भावे आणि शहाजी ह्यांच्या तारखांनी सुरू केला नाही. फळ्यावर 'पंचभाषाविलास'मधल्या पाच भाषांची नावे लिहिली आणि चार राजकन्यांची गोष्ट सांगितली. मुलांना गंमत वाटली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, 'सर, मग त्यातली तमिळ वाक्ये आपल्या पुस्तकात का नाहीत?' तास संपत आला होता. आम्ही तो प्रश्न वहीत लिहून घेतला, आणि ग्रंथालयातून ते नाटक अख्खे मिळते का ते शोधायचे काम तिलाच दिले. नागरीत छापलेली प्रत मिळाली तर तमिळ भाग वाचून दाखवायला कोण येऊ शकेल, ह्याचीही चौकशी चालू आहे. गावात इडलीचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी होकार दिला आहे.